मार्माइट, माकड आणि परळची प्रयोगशाळा

नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही आरोग्य उपकेंद्रात गरोदर बाईच्या हातात जी लाल गोळी पडते, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असते आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. लोह घरोघरी ठाऊक आहे. दुसऱ्या द्रव्याचा पहिला माग मात्र एका इंग्रज डॉक्टरबाईंना मुंबईत परळला लागला. त्यांचे नाव ल्यूसी विल्स.

10 मे 1888 रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड गावात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, पण पदवी मिळाली नाही. बायकांना पदवी द्यायला त्या विद्यापीठाला 1948 साल उजाडावे लागले. पहिल्या महायुद्धाला तोंड फुटले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तिथे त्यांनी स्वयंसेवक म्हणून परिचारिकेचे काम केले आणि मग डॉक्टर व्हायचे ठरवले. 1920 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्या लंडनमधून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. दवाखाना थाटण्यापेक्षा त्यांना प्रयोगशाळा अधिक भावली.

1928 मध्ये डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून त्या मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या आणि गरीब वस्त्यांतल्या बायका बाळंतपणाच्या सुमारास विचित्र ॲनिमियाने दगावत होत्या. रक्त पातळ झालेले, पण उरलेल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि अर्धवट वाढलेल्या. हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी आधी जंतुसंसर्गाची शंका तपासली, मग मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. भाजी, फळे, दूध, मांस ज्यांच्या ताटात जवळजवळ नव्हते, त्यांनाच हा आजार अधिक होत होता.

तसाच निकस आहार त्यांनी उंदरांना दिला. गाभण माद्या अशक्त होऊन मरू लागल्या. यीस्ट दिले की तगत. पण उंदरांच्या अंगावरच्या उवांतून पसरणाऱ्या एका संसर्गाने सगळा हिशेब बिघडवला आणि त्यांना माकडांकडे वळावे लागले. आजारी माकडाला त्यांनी मार्माइट दिले. दारूभट्टीत उरणाऱ्या यीस्टचा हा काळपट, चिकट, खारट अर्क इंग्रज लोक पावाला लावून खातात. त्याची चव सगळ्यांना रुचेल असे नाही, पण तो स्वस्त होता. माकड झपाट्याने सुधारले. मग तोच अर्क रुग्ण बायकांना दिला गेला, आणि काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा निष्कर्ष छापून आला.

खरी चलाखी पुढच्या चाचण्यांत होती. अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका ॲनिमियावर तेव्हा यकृताचा शुद्ध केलेला अर्क रामबाण ठरला होता. मुंबईच्या रुग्णांवर तो चालेना. कच्चा, न गाळलेला अर्क मात्र चालला. म्हणजे शुद्ध करताना जे टाकून दिले जात होते, तेच इथे हवे होते. त्या अनाम द्रव्याला पुढे विल्स फॅक्टर म्हटले जाऊ लागले.

गंमत अशी, की त्याच सुमारास इतर शास्त्रज्ञही वेगवेगळ्या वाटांनी त्याच द्रव्यापाशी पोहोचत होते. कुणाला ते काही जिवाणूंच्या वाढीसाठी लागणारा घटक म्हणून सापडले, कुणाला कोंबडीच्या पिलांच्या वाढीसाठी. 1941 मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळे काढले गेले आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले. 1945 मध्ये लेडर्ले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या पथकाने ते कृत्रिमरीत्या तयार केले.

पेशीला दुभंगून दोन व्हायचे तर आधी डीएनएची नक्कल करावी लागते, आणि त्या कामाला हे जीवनसत्त्व लागते. म्हणून जिथे पेशी भराभर बदलतात तिथे त्याची चणचण आधी जाणवते. रक्तात जाणवते, तशीच आतड्यातही. आतड्याचे अस्तर काही दिवसांतच नवे होत असते. संग्रहणीसारख्या उष्ण प्रदेशातल्या आजारात आतडे हे जीवनसत्त्व नीट शोषू शकत नाही, आणि ते मिळाले नाही की अस्तर आणखी बिघडते. अशा रुग्णांनाही फॉलिक ॲसिडने उतार पडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा साठा तर लवकर संपतो, कारण त्याला वाढायचे असते झपाट्याने. आपल्याकडे अशक्त तान्ह्याला बकरीचे दूध पाजण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. त्या दुधात हे जीवनसत्त्व फारच कमी असते, आणि केवळ त्यावर वाढलेल्या बाळांना ॲनिमिया होतो. पालेभाजी उकळून पाणी ओतून दिले तर त्या पाण्याबरोबर तेही बरेचसे जाते.

विल्स 1933 पर्यंत भारतात काम करत राहिल्या. नंतर लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात त्यांनी गरोदर बायकांना लोह देण्याच्या चाचण्या हाती घेतल्या. 1944 च्या बॉम्बहल्ल्याने ते काम विस्कटले. 1947 मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या जमैका, फिजी अशा ठिकाणी आहाराचा अभ्यास करत फिरल्या. लग्न केले नाही. कामावर सायकलने जात. अखेरच्या दशकात चेल्सीमध्ये मजूर पक्षाच्या नगरसेविकाही झाल्या. 16 एप्रिल 1964 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या द्रव्याचा आणखी एक गुण 1991 मध्ये सिद्ध झाला. आधीचे मूल मणक्याच्या व्यंगासह जन्मलेल्या बायकांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तर पुढच्या बाळातले व्यंग जवळजवळ तीन चतुर्थांशाने टळते, असे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसले. बाळाचा मज्जारज्जू गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच आकार घेतो, म्हणजे पाळी चुकल्याचे बहुतेकींच्या नीट ध्यानातही आलेले नसते. म्हणून मूल हवे असे ठरले की डॉक्टरांना विचारून ही गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करायची असते.