पापनाशमचे शिवन्

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम नावाचे एक लहानसे गाव लागते. लंकेहून परतताना खर-दूषणांच्या वधाचा दोष रामाने येथे १०८ शिवलिंगांची पूजा करून फेडला, अशी स्थलपुराणाची कथा आहे. रामाचे नाव धारण करणारा एक पोरका तरुण याच गावी आला आणि गावाचेच नाव घेऊन जगप्रसिद्ध झाला. त्या पापनाशम शिवन् यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ते मराठी नव्हते. तरीही स्वदेशापासून दूर राहणाऱ्या आम्हां मंडळींना त्यांची कथा परकी वाटत नाही.

त्यांचे मूळ नाव रामय्या. तंजावर प्रांतातील पोलगम या खेड्यात २६ सप्टेंबर १८९० रोजी त्यांचा जन्म झाला. १८९७ साली वडील निवर्तले आणि आई योगांबाळ मुलांना घेऊन त्रावणकोरात गेली. तामिळ मुलाला मलयाळम शिकावी लागली. त्रिवेंद्रमच्या महाराजांच्या संस्कृत महाविद्यालयात त्यांनी व्याकरणाचे अध्ययन केले. पण मन रमले ते नीलकंठ शिवन् यांच्या परंपरेतील भजनांत. १९१० च्या सुमारास आईही गेली, आणि घर म्हणावे असे काही उरले नाही. रामय्या देवळादेवळांतून हिंडू लागले.

हिंडता हिंडता ते पापनाशमला भावाकडे आले. कावेरीकाठच्या त्या मुलखात देवळाचा उत्सव म्हणजे साऱ्या गावाचा मेळावा असे. ध्वज चढला की पुढचे आठ-दहा दिवस कोणाला उसंत नसे. रोज संध्याकाळी देवाचे वाहन निराळे, पुढे नागस्वर आणि मागे भजनाची गोष्ठी. या गोष्ठीला ना वर्गणी, ना सभासदांची यादी. ज्याला गाता येते त्याने गावे, न येईल त्याने टाळ धरावे. एका गावचा उत्सव आटोपतो तोच शेजारच्या गावचा सुरू होई. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात ज्यांनी सतरंज्या घातल्या आहेत, त्यांना या धांदलीची गोडी निराळी सांगावयास नको. या भजनपद्धतीत तुकोबा-नामदेवांचे अभंगही मिसळले आहेत. १८५५ पर्यंत सुमारे १८० वर्षे तेथे नांदलेल्या भोसल्यांच्या राज्याची ती ठेव होय.

अशा मेळाव्यांत सर्वांगाला भस्म लावलेला हा तरुण देहभान विसरून गाई. परिसरातील गणपती अग्रहारच्या लोकांना तो साक्षात् शिवच भासला, आणि त्यांनी त्याला पापनाशम शिवन् म्हणावयास आरंभ केला. जन्म पोलगमचा, वाढ त्रावणकोरची आणि नाव पापनाशमचे! उपऱ्याला गावाने इतके आपले केल्याची उदाहरणे फार नसावीत. स्वतः शिवन् मात्र आपल्या रचनांत रामदास ही मुद्रा घालीत. ती पाहून मराठी वाचकाचे कान टवकारतात. पण ती आली त्यांच्या मूळ नावावरून, सज्जनगडावरून नव्हे. त्यांची पहिली रचना तिरुवारूरच्या उत्सवात, त्यागराजस्वामींच्या मिरवणुकीत स्फुरली. ती कुंतलवराळी रागात आहे.

पुढे ते मद्रासेस मैलापुरात गेले. तेथे मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, ते पहाटेच्या अंधारात कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या चार माड रस्त्यांनी भजन करीत फिरत. थोर गवयी आणि शेजारपाजारची मुले एकाच रांगेत चालत. नामवंत झाल्यावरही हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. आमच्या मते त्यांच्या सर्व पदव्यांहून ही गोष्ट मोठी होती.

चित्रपटाचा योग मात्र आपल्या मराठी मंडळींकडून आला, हे फारसे कोणास ठाऊक नसते. प्रभात कंपनीने १९३४ साली ‘सीता कल्याणम्’ हा तामिळ बोलपट काढला. दिग्दर्शक बाबूराव पेंढारकर होते, आणि शिवन् यांनी चित्रपटसृष्टीत पाऊल टाकले ते त्याच्या संगीतासाठी. त्याच वर्षी त्यांच्या १०० कीर्तनांचा पहिला संग्रहही प्रसिद्ध झाला. त्यानंतर ‘चिंतामणी’, ‘अशोक कुमार’, ‘शिवकवी’ या चित्रपटांची गाणी त्यागराज भागवतरांच्या कंठातून घरोघरी पोहोचली. १९४४ चा ‘हरिदास’ तर मद्रासच्या एकाच चित्रपटगृहात तीन दिवाळ्या पाहून उतरला. आईबापांना छळणाऱ्या मुलाला होणारी उपरती ही त्याची कथा. पाहताना पुंडलीक आठवल्यावाचून राहत नाही.

कलाक्षेत्रात त्यांनी काही काळ विद्यादान केले. संस्कृत शब्दांचा एक प्रचंड कोशही त्यांनी सिद्ध केला. त्रिवेंद्रमला शिकलेले व्याकरण असे कामी आले. १९७१ साली संगीत कलानिधी आणि १९७२ साली पद्मभूषण हे सन्मान उशिराच आले म्हणावयाचे. ऑक्टोबर १९७३ मध्ये, वयाची ८३ वर्षे पुरी करून, ते मद्रासेस निवर्तले. रामय्या हे नाव तोवर बहुतेकांच्या विस्मरणात गेले होते.