महाराज सयाजीराव : वात्सल्य आणि शिस्त

मुलांना लाडाने वाढवावे की धाकात ठेवावे, हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा उभा राहतोच. पहिली पाच वर्षे लाड करावेत, पुढील दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे वर्ष लागताच पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, असा एक जुना दंडक आपल्याकडे सांगत आले आहेत. त्यात वयाची वाटणी आहे. परंतु एकाच घरात, एकाच व्यक्तीच्या ठायी माया आणि शिस्त एकत्र नांदू शकतात काय, याचे उत्तर त्यात सापडत नाही. ते शोधावयाचे तर बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे चरित्र पाहावे. त्यांच्या राज्यकारभाराची थोरवी पुष्कळांनी गायिली आहे. येथे त्यांच्याकडे शिष्य, राजा आणि पिता ह्या तीन नात्यांनी पाहण्याचा विचार आहे.

महाराजांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतले, घरी शेती. १८७५ साली बडोद्याचे मल्हारराव महाराज पदच्युत झाले आणि कैलासवासी खंडेराव महाराजांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याची मुले बडोद्यास आणली गेली. कशासाठी आलात, असे विचारताच गोपाळरावांनी राज्य करावयास आलो असे निर्भयपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले आणि कवळाण्याचा गोपाळ सयाजीराव झाला. वय बारा वर्षांचे, आणि अक्षरओळख जवळजवळ नाहीच.

ज्या वयात इतर मुले पुस्तके वाचू लागतात, त्या वयात ह्या मुलास मुळाक्षरे गिरवावी लागली. शिक्षणासाठी एलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा, शिवाय गणित, इतिहास, तालीम आणि घोड्यावरची रपेट असा दिवसाचा भरगच्च क्रम असे. पुढे दिवाण राजा सर टी. माधवराव यांनी राजधर्मावर व्याख्याने देऊन त्यांस कारभाराचे धडे दिले. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांस राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले.

ही शिस्त हलकी नव्हती. तथापि ती लावणारा गुरू सहा वर्षे शिष्याच्या निकट राहिला. मुलाची गती किती, अडते कोठे, हे तो रोज पाहत होता. अधिकार हाती आल्यावर महाराजांनी ह्या गुरूस दूर केले नाही. राज्यातील जमीनमोजणी व साराबंदीचे अवघड काम त्यांच्याच हाती सोपविले. ज्या शिस्तीचा जाच झाला, तिची आठवण मनुष्य अशा रीतीने जपत नाही.

राजा झाल्यावर महाराजांनी प्रजेच्या मुलांचा जो विचार केला, त्यात बारा वर्षांच्या त्या निरक्षर मुलाची स्मृती असावी असे वाटते. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. ह्या कायद्याला दोन बाजू होत्या. शाळेत फी नव्हती; पण मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होता. गरीब शेतकऱ्याचे मूल म्हणजे गुरे राखणारे, धाकटे भावंड सांभाळणारे दोन हात. ते हात शाळेत धाडणे त्याच्या जिवावर येई. नुसती माया दाखविली असती तर शाळा ओस पडल्या असत्या. नुसता दंड बसविला असता तर तो जुलूम झाला असता. फी माफ करणारा हात आणि दंड करणारा हात एकच होता, म्हणून ती सक्ती प्रजेच्या हिताची ठरली.

ज्यांस शाळेचे दार बंद होते, त्या अस्पृश्य मुलांसाठीही त्यांनी शाळा आणि वसतिगृहे काढली. १९१३ साली डॉ. भीमराव आंबेडकरांस अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तीही शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. परंतु १९१७ साली आंबेडकर बडोद्यास नोकरीवर आले तेव्हा जातीपायी त्यांस शहरात राहावयास जागा मिळेना आणि थोड्याच दिवसांत त्यांस परतावे लागले. महाराजांची आज्ञा कचेरीपर्यंत पोहोचली. लोकांच्या उंबरठ्याच्या आत ती गेली नाही.

स्वतःच्या घरात काय घडले, हे सांगताना लेखणी जड होते. महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ साली क्षयाने वारल्या. त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या घाटगे घराण्यातील कन्येशी महाराजांचा दुसरा विवाह झाला. त्यांचेही नाव चिमणाबाई ठेवले गेले. त्यांस जयसिंहराव, शिवाजीराव व धैर्यशीलराव हे पुत्र आणि इंदिराराजे ही कन्या झाली. मुलांच्या शिक्षणात महाराजांनी काही कमी केले नाही. शिक्षक नेमले, परदेशी धाडले. जयसिंहराव अमेरिकेत हार्वर्ड येथे शिकले, शिवाजीराव ऑक्सफर्डकडून क्रिकेट खेळले. परंतु निद्रानाशाच्या विकारामुळे १८८७ पासून महाराजांच्या परदेशच्या वाऱ्या सुरू झाल्या होत्या, आणि उरलेला काळ राज्यकारभार घेई. मुलांचा दिनक्रम पित्याने ठरविला. तो पार पाडण्याचे काम पगारी माणसांकडे राहिले.

फत्तेसिंहराव १९०८ साली वारले. त्यांचा पुत्र प्रतापसिंहराव त्या वेळी तीन महिन्यांचाही नव्हता. शिवाजीराव १९१९ साली गेले, जयसिंहराव १९२३ साली. राजपुत्रांच्या प्रकृतीस मद्याने ग्रासले होते, ही गोष्ट चरित्रकारांनी लपविलेली नाही. ज्याने हजारो मुलांस शाळेच्या वाटेला लावले, त्या पित्याच्या डोळ्यांदेखत तीन तरुण पुत्र गेले. कोणत्याही घरातील दुःखाचा हिशेब एका कारणावर मांडता येत नाही, आणि गेलेल्यांच्या बापास दोष देणे आपले काम नव्हे. परंतु शिक्षक, पैसा आणि नियम यांची वाण नसलेल्या घरात काय उणे राहिले असावे, हे प्रत्येक आईबापाने मनाशी विचारावे.

इंदिराराजे यांची कथा निराळी आहे. त्यांचा वाङ्‌निश्चय ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्याशी झाला होता. माधवराव विवाहित होते आणि वयाने पुष्कळ मोठे. १९११ च्या दिल्ली दरबारात इंदिराराजे यांची कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्याशी ओळख झाली, आणि त्यांनी स्वतः पत्र लिहून ग्वाल्हेरचा संबंध मोडला. आईबापांस हा मोठा धक्का होता. दीड-दोन वर्षे विरोध चालला. अखेर १९१३ साली लंडनमध्ये विवाह झाला, पण त्यास मातापिता हजर राहिले नाहीत. बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा १९०४ सालीच करणारे महाराज, स्वतःची सुशिक्षित कन्या स्वतःचा निर्णय घेते हे पाहून मात्र व्यथित झाले. तथापि दार कायमचे मिटले नाही. पुढे इंदिराराजे यांची मुले आजोळी बडोद्यास येत राहिली. १९२२ साली पतीच्या निधनानंतर अज्ञान पुत्राच्या वतीने कूचबिहारचा कारभार त्यांनीच पाहिला. आईबापांशी वाद घालण्याचे जे धैर्य त्यांनी दाखविले, तेच ह्या प्रसंगी उपयोगी पडले असेल.

महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निवर्तले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले आणि १९४९ साली बडोद्यात आजोबांच्या नावाने विद्यापीठ उभे राहिले.

ह्या चरित्रावरून माया आणि शिस्त यांत वैर आहे असे दिसत नाही. एलियटांच्या शिकवणीत त्या एकत्र होत्या, अमरेलीच्या कायद्यात एकत्र होत्या. त्या दुरावतात त्या अंतरामुळे. नियम घालून देणारा दूर राहिला की मुलास नियम तेवढा दिसतो, त्यामागचे काळीज दिसत नाही. आपल्या घरांत लक्ष्मीविलास राजवाड्याचे वैभव नाही; परंतु शिकवणीला मूल धाडून आपली जबाबदारी संपली असे मानण्याची वृत्ती लहान घरांतही शिरते. मुलास अवश्य रागवावे, वेळेवर उठवावे, खोटे बोलल्यास खडसवावे. मात्र ज्याने खडसवावे त्यानेच रात्री त्याच्याजवळ बसून त्याचा धडा ऐकावा. एवढे आपल्या ऐपतीत आहे, आणि ते दुसऱ्या कोणावर सोपविता येत नाही.