एमिली हॉबहाउस

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा समुद्रकाठचा प्रांत आहे. तेथील सेंट आइव्ह नावाच्या लहानशा खेड्यात ९ एप्रिल १८६० रोजी एमिली हॉबहाउसचा जन्म झाला. तिचे वडील गावच्या चर्चचे धर्मोपदेशक होते. धाकटा भाऊ लेनर्ड ऑक्सफर्डला शिकावयास गेला आणि पुढे मोठा विचारवंत म्हणून प्रसिद्धीस आला. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे एमिलीचे शिक्षण बहुतेक घरीच झाले. ती वीस वर्षांची असताना आई वारली आणि आजारी वडिलांची सेवा करण्याचे काम तिच्याकडे आले. ते तिने चौदा वर्षे केले. १८९५ साली वडील निवर्तले, तेव्हा ती पस्तिशीला टेकली होती आणि आपल्या गावापलीकडचे जग तिने फारसे पाहिले नव्हते.

त्यानंतर ती अमेरिकेत गेली. कॉर्नवॉलमधून मिनेसोटा राज्यात खाणकामासाठी गेलेल्या मजुरांमध्ये तिने काही काळ दारूबंदीचे काम केले. १८९८ साली ती परतली आणि लंडनमध्ये राहू लागली. तेथे तिचे चुलते लॉर्ड हॉबहाउस यांचा तिला मोठा आधार होता. हे गृहस्थ १८७२ ते १८७७ या काळात हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदेविषयक सभासद होते. त्यांच्या घरी राजकारणाची चर्चा नेहमी चाले, आणि तेथेच एमिलीचे लक्ष एका दूरच्या युद्धाकडे वेधले गेले.

दक्षिण आफ्रिकेत डच वंशाच्या बोअर शेतकऱ्यांची ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट अशी दोन लहान राज्ये होती. ट्रान्सवालच्या भूमीत सोने सापडले होते. ऑक्टोबर १८९९ मध्ये इंग्रजांचे व या राज्यांचे युद्ध पेटले. याच युद्धात नाताळमधील सुमारे ११०० हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारून गांधीजींनी जखमी सैनिकांना रणभूमीवरून वाहून नेले होते.

लंडनपासून ही रणभूमी सुमारे सहा हजार मैल दूर होती. तेथील लोकांना युद्धाची बातमीच नव्हती, असे मात्र नाही. विजयाची वार्ता आली की सारे शहर रस्त्यावर लोटे. मे १९०० मध्ये मेफकिंग या गावाचा वेढा उठल्याचे कळताच लंडनमध्ये रात्रभर जल्लोष चालला. पण त्या विजयाची किंमत कोण देत आहे, हे विचारण्याची इच्छा फार थोड्यांना होती. जिंकलेल्या गावांची नावे सर्वांच्या तोंडी होती. जळालेल्या गावांची नावे कोणालाच ठाऊक नव्हती. ज्यांनी युद्धाविरुद्ध बोलण्याचे धैर्य केले, त्यांना देशद्रोही ठरवण्यात आले. जुलै १९०० मध्ये एमिलीने आपल्या जन्मगावाजवळच्या लिस्कर्ड येथे सभा भरवली, तेव्हा जमावाने गोंधळ घालून ती उधळून लावली. ज्या माणसांत ती लहानाची मोठी झाली होती, त्यांतलीच ही माणसे होती.

तोवर युद्धाचे स्वरूप पालटले होते. राजधान्या पडल्या, तरी बोअर शरण आले नाहीत. त्यांनी गनिमी काव्याने लढावयास सुरुवात केली. त्यांना अन्न व आसरा मिळू नये म्हणून इंग्रज सेनेने त्यांची घरे, शेते आणि गुरे नष्ट करण्याचा सपाटा लावला. सुमारे ३० हजार शेतघरे जाळण्यात आली. त्यांतून बाहेर काढलेल्या बायकामुलांना तंबूंच्या छावण्यांत ठेवण्यात आले. सरकारी कागदांत या जागांना निर्वासितांच्या छावण्या असे सौम्य नाव होते. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटे, या लोकांना सरकारने दयाळूपणाने आश्रयच दिला आहे.

एमिलीचे तेवढ्यावर समाधान झाले नाही. तिने बायकामुलांच्या मदतीसाठी निधी उभारला आणि ७ डिसेंबर १९०० रोजी ती जहाजाने निघाली. निघताना तिला एकाच छावणीची माहिती होती. केपटाउनला उतरल्यावर तिला कळले, की अशा कितीतरी छावण्या आहेत. सेनापती किचनेर याने तिला ब्लूमफाँटेनपर्यंतच जाण्याची परवानगी दिली. कपडे व खाद्यपदार्थ यांनी भरलेला मालगाडीचा एक डबा घेऊन जानेवारी १९०१ मध्ये ती तेथे पोहोचली.

उघड्या माळावर तंबूंच्या रांगा होत्या. भर उन्हाळा होता, कारण दक्षिण आफ्रिकेत जानेवारीत उन्हाळा असतो. एकेका तंबूत दहाबारा माणसे दाटीने राहत. तंबूत माश्यांचे थवे असत आणि पाऊस आला की जमिनीवरून पाणी वाहे. पिण्याचे पाणी अपुरे व दूषित होते. ते उकळावे तर सरपण नव्हते. मुलांना गोवर आणि विषमज्वर यांनी ग्रासले होते. अंग आणि कपडे धुण्यास साबणाचा तुकडाही मिळत नसे. एमिलीने साबण मागितला, तेव्हा ती चैनीची वस्तू आहे असे तिला सांगण्यात आले. ती हटली नाही. साबण, पाणी उकळण्याची मोठी भांडी, सरपण आणि निजण्यासाठी गाद्या यांसाठी तिने अधिकाऱ्यांच्या मागे सतत तगादा लावला. छावणीवरचे सगळेच अधिकारी निर्दय होते, असे नव्हे. परंतु त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते, आणि जेथे विचारणारा नसतो तेथे साबणही चैनीचा होतो!

तिने इतरही अनेक छावण्या पाहिल्या. एकेका तंबूत शिरून ती चौकशी करी आणि ऐकलेले व पाहिलेले तारीखवार टिपून ठेवी. एप्रिलमध्ये ती ब्लूमफाँटेनला परतली, तेव्हा तेथील माणसांची संख्या दुपटीने वाढलेली होती. आपण आणलेले कपडे वाटून हे संकट टळणार नाही, हे तिला कळून चुकले. उपाय लंडनमध्येच होता, आणि लंडनला तर काही ठाऊकच नव्हते. तिने परतीचे जहाज धरले.

जून १९०१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात आरडाओरडा नव्हता. काय पाहिले आणि काय करता येईल, एवढेच होते. विरोधी पक्षाचे नेते कॅम्पबेल-बॅनरमन यांनी तिची हकीकत ऐकून युद्धाच्या या पद्धतीची उघड निर्भर्त्सना केली. त्याच महिन्यात हा प्रश्न पार्लमेंटात आला. पण ठराव २५२ विरुद्ध १४९ मतांनी फेटाळला गेला. पुष्कळ वृत्तपत्रांनी एमिलीवरच टीकेची झोड उठवली. काही गावांत तिला व्याख्यानासाठी सभागृहे मिळेनात. तरीही ती गावोगाव बोलत राहिली, आणि हळूहळू लोक ऐकू लागले.

शेवटी सरकारला स्त्रियांची एक समिती चौकशीसाठी धाडणे भाग पडले. मिलिसेंट फॉसेट ही तिची प्रमुख होती. एमिलीला त्या समितीत जागा मिळाली नाही. समितीतील स्त्रिया युद्धाच्या बाजूच्या होत्या. परंतु छावण्या डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांनाही एमिलीच्या बहुतेक तक्रारी मान्य कराव्या लागल्या. दरम्यान दिवस जात होते. एकट्या ऑक्टोबर १९०१ मध्ये गोऱ्यांच्या छावण्यांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्याच महिन्याच्या अखेरीस एमिली पुन्हा केपटाउनला गेली. पण तिला जहाजावरून उतरू दिले नाही. ती स्वखुशीने परत जाईना, तेव्हा सैनिकांनी तिला उचलून दुसऱ्या जहाजावर चढवले.

पुढे अन्न, पाणी व औषधोपचार सुधारले आणि १९०२ च्या आरंभापासून मृत्यू झपाट्याने घटले. म्हणजे जे जूनमध्ये अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते काही महिन्यांनी शक्य झाले. ३१ मे १९०२ रोजी तह झाला. तोपर्यंत बोअरांच्या छावण्यांत २६ हजारांहून अधिक लोक मेले होते. त्यांत बहुतेक सोळा वर्षांखालील मुले होती.

काळ्या आफ्रिकी लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तेथेही किमान १४ हजार माणसे मेली. खरा आकडा याहून मोठा असावा, असे अभ्यासक मानतात. एमिलीच्या कानावर तेथील हाल आले होते, आणि इतरांनी तिकडे लक्ष द्यावे असे तिने सुचवलेही. परंतु ती स्वतः त्या कामात पडली नाही. त्यांच्यासाठी कोणतीही समिती लंडनहून निघाली नाही, आणि त्या मृतांची दखल घेण्यास जगाला पुढे कित्येक दशके लागली.

युद्ध संपल्यावर एमिली उद्ध्वस्त प्रदेशात परतली. घरे गेलेल्या मुलींना स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे म्हणून १९०५ साली तिने फिलिपोलिस येथे सूत कातण्याची व विणकामाची शाळा काढली. मागाहून अशा अनेक शाळा निघाल्या. १९१३ च्या अखेरीस गांधीजींचा सत्याग्रह चालू होता. तेव्हा आजारी असूनही तिने जनरल स्मट्स यांना पत्र लिहून हिंदी लोकांची बाजू मांडली. स्मट्स हे एकेकाळचे बोअर सेनानी. तिचा शब्द त्यांना मोलाचा वाटे. पुढच्या वर्षी गांधीजी व स्मट्स यांच्यात समझोता झाला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्यालाही तिने विरोध केला, आणि युद्धानंतर ज्या जर्मनांना इंग्लंड शत्रू म्हणत होते, त्यांच्या लाइपझिग शहरात हजारो उपाशी मुलांच्या अन्नाची सोय लावली. आता तिच्यापाशी पैसा उरला नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील लोकांनी वर्गणी जमवून तिला कॉर्नवॉलमध्ये समुद्रकाठी एक घर घेऊन दिले.

८ जून १९२६ रोजी लंडन येथे तिचे निधन झाले. तिची रक्षा जहाजाने आफ्रिकेस नेण्यात आली. ब्लूमफाँटेनला छावण्यांत मेलेल्या बायकामुलांचे स्मारक म्हणून दगडी स्तंभ उभारलेला आहे. त्याच्या पायथ्याशी ऑरेंज फ्री स्टेटचे अध्यक्ष स्टेन यांची समाधी आहे. तेथेच ऑक्टोबर १९२६ मध्ये या इंग्रज स्त्रीची रक्षा ठेवण्यात आली.