उमेकोबाई त्सुदा आणि जपानांतील स्त्रीशिक्षण

जपानच्या उत्कर्षाची कारणें सांगतांना १८७२ सालच्या शिक्षणविषयक कायद्याचा उल्लेख हटकून होतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकानें शाळेंत गेलें पाहिजे, अशी त्या कायद्याची प्रतिज्ञा होती. प्रतिज्ञा मोठी खरी. पण दुसऱ्याच वर्षीं शाळेंत जाणाऱ्या मुलग्यांचें प्रमाण शेंकडा सुमारें ४० आणि मुलींचें अवघें १५ होतें. पुढें मुलींच्या शाळा वाढल्या, तेव्हां त्यांत शिकविण्यास विद्वान् स्त्रिया कोठून आणावयाच्या, हा दुसरा पेंच उभा राहिला. तो सोडविण्यांत जिनें जन्म वेंचला, त्या उमेको त्सुदा ह्या बाईंचें चरित्र आमच्या वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यांचा जन्म १८६४ च्या ३१ डिसेंबरला एडो म्हणजे हल्लींच्या टोकियो शहरीं झाला. वडील सेन त्सुदा इंग्रजी जाणणारे व अमेरिका पाहून आलेले होते. १८७१ च्या अखेरीस इवाकुरा ह्यांचें शिष्टमंडळ पश्चिमेकडे निघालें, तेव्हां त्याजबरोबर पांच मुली दहा वर्षांच्या शिक्षणासाठीं सरकारी खर्चानें धाडण्यांत आल्या. त्यांत उमे सर्वांत लहान, सहा वर्षांची. एवढें पोर सातासमुद्रांपलीकडे धाडणाऱ्या बापास कोणी धीराचा म्हणोत, कोणी कठोर म्हणोत. मुलगी मात्र वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउन येथें लॅनमन दांपत्याच्या घरीं लेकीसारखी वाढली.

१८८२ सालीं ती परतली ती मातृभाषा विसरून. जन्मदात्या आईशीं बोलणेंही कठीण झालें! आणि ज्या सरकारनें अकरा वर्षें खर्च सोसला, त्यानें ह्या विद्येचें पुढें काय करावयाचें ह्याचा विचारच केलेला नव्हता. परदेशांहून आलेल्या पुरुषांस हुद्दे तयार असत. स्त्रियांस कांहींच नव्हतें. बरोबरीच्या दोघी मैत्रिणी विवाह करून संसारास लागल्या. उमेकोबाईंनीं विवाह केला नाहीं. कांहीं काळ इतो हिरोबुमी ह्यांच्या घरीं शिकवून, १८८५ पासून त्या सरदारकन्यांच्या शाळेंत इंग्रजी शिकवूं लागल्या. तेथें विद्येपेक्षां खानदानी रीतिभातींसच मान अधिक असल्यामुळें त्यांचें मन रमेना.

१८८९ सालीं रजा घेऊन त्या पुनः अमेरिकेस गेल्या आणि ब्रिन मॉर कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकल्या. प्रोफेसर मॉर्गन ह्यांच्यासह बेडकाच्या अंड्याविषयीं त्यांनीं केलेलें संशोधन १८९४ सालीं प्रसिद्ध झालें. तेथेंच राहून संशोधनांत नांव मिळविणें त्यांस अशक्य नव्हतें. पण त्या १८९२ सालीं स्वदेशीं परतल्या, आणि परतण्यापूर्वीं जपानी मुलींस अमेरिकेंत शिकतां यावें म्हणून एक निधि उभारून ठेवला. आमच्या मतें ह्या निधीचें मोल त्या शोधनिबंधाहून उणें नाहीं. कारण त्याच्या साहाय्यानें शिकून आलेल्या होशिनो आई ह्यांनींच पुढें बाईंची संस्था सांभाळली.

१८९९ च्या हुकुमानें प्रत्येक प्रांतांत मुलींची वरिष्ठ शाळा काढणें आवश्यक झालें. दुसऱ्याच वर्षीं बाईंनीं प्रतिष्ठेची नोकरी सोडली व टोकियोंत एका लहानशा घरांत दहा विद्यार्थिनी घेऊन स्वतःची इंग्रजी शाळा काढली. अमेरिकन मैत्रीण ॲलिस बेकन मदतीस धांवून आली. मुली आहेत म्हणून अभ्यास हलका करावा, ही सवलत बाईंस मान्य नव्हती. त्याचें फळ १९०५ सालीं मिळालें: तेथील पदवीधर स्त्रियांस वेगळ्या परीक्षेवांचून इंग्रजी शिक्षिकेची सनद देण्याचें सरकारनें मान्य केलें. चांगली पत्नी व सुज्ञ माता घडविणें हेंच स्त्रीशिक्षणाचें साध्य, असें सरकारी धोरण होतें. त्याशीं बाईंनीं उघड भांडण मांडलें नाहीं. कित्येकांस हा त्यांचा दोष वाटतो. आम्हांस वाटतो तो दूरदर्शीपणा. शाळा बंद पडली असती तर भांडण जिंकून मिळणार काय होतें?

त्याच सुमारास, १९०१ सालीं, नारुसे ह्यांनीं टोकियोंत जपानी महिला विद्यापीठ स्थापिलें, व त्याची माहिती वाचूनच धोंडो केशव कर्वे ह्यांस १९१६ सालच्या आपल्या महिला विद्यापीठाची स्फूर्ति झाली, हें महाराष्ट्रास विदित आहेच.

प्रकृति ढांसळल्यामुळें १९१९ सालीं बाईंनीं काम सोडलें. १९२३ च्या भूकंपांत शाळेची इमारत जळाली. नवी वास्तु पाहण्यापूर्वींच, १९२९ च्या १६ ऑगस्टला, त्या निवर्तल्या. संस्थेस विद्यापीठाचा दर्जा १९४८ सालीं मिळाला. २०२४ च्या जुलैपासून जपानच्या पांच हजार येनांच्या नोटेवर उमेकोबाईंची छबी आहे.