बर्फातली पायवाट



काटोलची थंडी आपल्या परिचयाची आहे. संत्र्याच्या बागांवर धुके उतरते, चौकात शेकोट्या पेटतात आणि सकाळच्या मिस्सेला पुढचे बाक रिकामे राहतात. ऊन वर आले की सारे सुरळीत होते. नागपूरचे आपले कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या संत फ्रान्सिस दी सेल्स यांनी मात्र याजकपणाची पहिली वर्षे आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, बर्फातून चालत काढली. २४ जानेवारीला, ऐन थंडीत येणाऱ्या त्यांच्या सणानिमित्त त्यांचे स्मरण करू या.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय येथील सरदार घराण्यात झाला. हा मुलूख आज फ्रान्समध्ये आहे. पॅरिसला व पुढे इटलीतील पादुआ येथे शिकून त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली. मुलाने दरबारात नाव काढावे अशी वडिलांची इच्छा होती. परंतु १८ डिसेंबर १५९३ रोजी फ्रान्सिस याजक झाले.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १५९४ मध्ये, चुलतभाऊ लुई यांच्यासह ते जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेकडील शाब्ले भागात गेले. १५३६ पासून तेथे प्रोटेस्टंट पंथ रुजला होता आणि तोनों या मुख्य गावात कॅथलिक अगदी मोजके उरले होते. वडिलांनी विरोध केला, तरी ते मागे फिरले नाहीत. रात्री जिवाच्या भीतीने अलँजच्या किल्ल्यात मुक्काम आणि दिवसा तोनोंपर्यंत पायी जाणे-येणे, असा त्यांचा क्रम होता. हिवाळ्यात वाट बर्फाने झाकली जाई, पावले घसरत, थंडीने टाचा फुटत. एका रात्री लांडग्यांच्या भीतीने त्यांनी झाडावर चढून स्वतःला फांदीशी बांधून घेतले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते.

एवढे चालूनही प्रवचन ऐकायला फारसे कोणी येईना. तेव्हा ते लिहू लागले. लहान लहान पत्रके तयार करून ती घरोघरी पोहोचवली जाऊ लागली. म्हणूनच १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना कॅथलिक लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. हे पोपही तरुणपणी आल्प्सची शिखरे चढलेले गिर्यारोहक होते! आपल्या हातातले हे रविवारचे पत्रकही त्याच कुळातले.

१५९८ मध्ये शाब्लेतील लोक मोठ्या संख्येने कॅथलिक ख्रिस्तसभेत परतले. त्यात राजसत्तेच्या दबावाचाही वाटा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण पहिल्या हिवाळ्यांत त्या तरुण याजकापाशी सत्ता नव्हती. होते ते फक्त पाय, लेखणी आणि सौम्य वाणी.

१६०२ मध्ये ते बिशप झाले. पुढे डोंगरदऱ्यांतील धर्मग्रामांना भेटी देताना त्यांना एक हकिगत कळली. हरवलेली गाय शोधायला निघालेला एक गुराखी हिमनदीच्या खोल भेगेत पडला आणि गारठून मेला. ही हकिगत बिशपांच्या मनाला लागली. एका गाईसाठी या माणसाची तळमळ बर्फानेही थंड झाली नाही. मग माझ्या मेंढरांना शोधताना मीच का कचरतो, असे त्यांनी स्वतःला विचारले.

२८ डिसेंबर १६२२ रोजी लिऑन शहरी ते प्रभूघरी गेले. १६६५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. १८३८ मध्ये त्यांच्याच आनसी गावी त्यांच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ स्थापन झाला. त्या संघाचे याजक १८४५ मध्ये भारतात आले आणि पुढे नागपूरपर्यंत पोहोचले. बर्फाच्या प्रदेशातले ते लोक आपल्या विदर्भाच्या उन्हात चालले.

गुराख्याची ती हकिगत वाचताना आम्हांला आमचीच एक चूक आठवते. एका थंडीत अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्धांकडे पवित्र कम्युनियन घेऊन जायचे आम्ही दोन दिवस पुढे ढकलले. धुके दाट होते, एवढेच कारण. मोटारसायकल दाराशीच उभी होती. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांची शुद्ध हरपली होती.

आपल्या वाटेवर बर्फ नाही, लांडगे नाहीत. चार गल्ल्या ओलांडल्या की एखादे घर असते, जिथे कोणीतरी दाराकडे डोळे लावून बसलेले असते. या सणाच्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने अशा एका घरी जावे. आम्हीही निघतो आहोत.

आपले धर्मगुरू