त्यागवीर शिरसंगी लिंगराज

आपल्या हुबळीहून नवलगुंद काही लांब नाही. नवलगुंद-शिरसंगीच्या देसाई घराण्यात लिंगराज दत्तक आले. त्यांचा जन्म १८६१ चा. देसगत मोठी, मान मोठा. १९०४ साली धारवाडला वीरशैव महासभेचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष तेच होते.

पण नाव राहिले ते मृत्युपत्रामुळे. स्वतः दत्तक आलेल्या या देसाईंनी आपली इस्टेट लिंगायत मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. अनोळखी मुलांनाच वारस केले म्हणा ना! देणगी एकाच समाजापुरती होती, हे खरे. त्या काळी वसतिगृहे, फंड बहुतेक असेच जातवार असत. १९०६ मध्ये ते वारले. ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर पुढे कितीतरी मुले शाळेतून कॉलेजात गेली. बेळगावचे लिंगराज कॉलेज १९३३ साली निघाले, ते त्यांच्याच नावाने.