स्पालानझानीचे न लिहिलेले पुस्तक

पालीचे शेपूट तुटून पुन्हा येते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण नव्या शेपटात मणके नसतात, कूर्चेची नुसती नळी असते. आणि पाय तुटला तर पालीलाही तो परत मिळत नाही. बेडकाचा भाऊबंद सॅलॅमँडर याबाबतीत सर्वांच्या पुढे. दिसायला पालीसारखा, पण कातडी ओलसर आणि जात उभयचराची. आपल्या महाराष्ट्रात तो आढळत नाही. त्याचा पाय तोडला तर हाडे, सांधे, स्नायू, बोटे यांसह पाय पुन्हा उगवतो. ही गोष्ट जगापुढे प्रयोगांनिशी मांडणारा माणूस पेशाने पाद्री होता. त्याचे नाव लाझारो स्पालानझानी.

इटलीतल्या स्कँडियानो गावी 1729 साली एका वकिलाच्या घरी तो जन्मला. बापाच्या इच्छेप्रमाणे बोलोन्याला कायदा शिकायला गेला. तिथे त्याच्या नात्यातली लॉरा बासी भौतिकशास्त्राची प्राध्यापक होती. ज्या काळात बायकांनी विद्यापीठाची पायरी चढणेही अप्रूपाचे, त्या काळातली ही गोष्ट. तिच्या सहवासात कायदा मागे पडला. पुढे धर्मदीक्षा घेऊन तो पाद्री झाला, पण त्याचा जीव रमला तो तळ्याकाठच्या जिवांत. रेज्जो, मोडेना आणि 1769 पासून मरेपर्यंत पाव्हिया, अशी त्याची अध्यापकी झाली.

1768 साली त्याने एक लहानसे पुस्तक छापले. प्राण्यांच्या तुटल्या अवयवांच्या पुनरुत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहायचा होता, त्याची ही नांदी. गांडुळे, गोगलगायी, बेडकाची पिले, सॅलॅमँडर, सगळे त्यात होते. एकाच सॅलॅमँडरचे पाय आणि शेपूट तीन महिन्यांत सहा वेळा कापले, आणि सहाही वेळा ते परत आले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी प्राण्यांच्या वेदनेचा विचार फारसा कोणी करीत नसे. गोगलगायीला नवे डोके फुटते हे वाचून युरोपभर गोगलगायींची मुंडकी उडवली गेली. खुद्द व्हॉल्तेअरनेही हा प्रयोग करून पाहिला.

मला मात्र ते पुस्तक लक्षात राहते ते शेवटी विचारलेल्या प्रश्नासाठी. बेडकाच्या पिलाला तुटलेला पाय पुन्हा फुटतो, पण मोठ्या बेडकाला फुटत नाही, हे त्याने पाहिले होते. मग वाढत्या वयात ही शक्ती जाते कुठे? आणि काही उपायाने ती माणसाला मिळेल अशी आशा धरणे हा निव्वळ वेडेपणा आहे काय? अडीचशे वर्षांपूर्वी हे विचारायला छाती लागते.

तो मोठा ग्रंथ कधीच आला नाही. मन दुसरीकडे वळले. नर बेडकांना रेशमी चड्ड्या घालून फलनासाठी वीर्य लागतेच हे त्याने दाखवले. 1780 साली एका कुत्रीवर कृत्रिम रेतनाचा प्रयोग यशस्वी केला. गंमत अशी की, गाळणकागदावर उरलेला गाळच अंडी फळवतो हे दिसूनही शुक्रजंतूंचे महत्त्व त्याने मानले नाही. अंड्यातच सगळा जीव तयार असतो, हे जुने मत त्याला सुटले नाही. प्रयोग खरे सांगत होता, प्रयोगकर्ता ऐकत नव्हता.

मग आले 1786 साल. तो कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासात असताना सहकाऱ्यांनी त्याच्यावर विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या वस्तू चोरल्याचा आरोप केला. संग्रहालय सांभाळणारा व्होल्टा नावाचा पाद्री (वीजघटवाला व्होल्टा तो वेगळा) थेट स्कँडियानोच्या घरी जाऊन त्याचा खासगी संग्रह पाहून आला होता. चौकशी बसली आणि 1787 साली स्पालानझानी निर्दोष ठरला.

बँकेत उभी हयात काढल्यामुळे चौकशी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे एका रोखपालावर असाच आळ आला होता. आठ महिन्यांनी तो सुटला. सुटल्याचा कागद एका ओळीचा होता. पण पुढे तो प्रत्येक बंडल तीनतीनदा मोजत असे आणि चहाला कोणाबरोबर जात नसे. स्पालानझानीने वेगळा मार्ग धरला. आरोप करणाऱ्यांपैकी स्कोपोली हा नामांकित निसर्गशास्त्रज्ञ. त्याने एका नव्या जंताचे थाटात वर्णन छापले होते. तो जंत नसून कोंबडीच्या गळ्यातला अवयव आहे हे स्पालानझानीने टोपणनावाने पत्रे छापून चव्हाट्यावर आणले. 1788 साली स्कोपोली वारला. निर्दोष ठरलेल्या माणसाला एवढ्या सूडाची गरज होती काय? मला वाटते, नव्हती. पण आळ ज्याच्यावर आला नाही त्याने हे म्हणणे सोपे असते.

11 फेब्रुवारी 1799 रोजी तो पाव्हियात वारला. शेवटच्या वर्षांत वटवाघळे डोळ्यांविना अंधारात कशी उडतात याचा शोध चालला होता.

त्याच्या प्रश्नाचे आज निम्मे उत्तर मिळाले आहे. सॅलॅमँडरची जखम कातडीखाली झाकली जाते, तिथे पेशींचा उंचवटा तयार होतो आणि त्यातून पाय घडतो. त्याला मज्जातंतूंचा पुरवठा लागतो. 2009 साली दिसून आले की त्या पेशी बहुतांशी आपले मूळ खाते विसरत नाहीत. स्नायूतून आलेली पेशी स्नायूच करते. 2022 साली अमेरिकेत मोठ्या बेडकांच्या तुटल्या पायावर पाच औषधांचा लेप केवळ चोवीस तास ठेवला गेला. दीड वर्षात पायासारखा अवयव वाढला, त्यात नसाही होत्या. पुरता पाय तो नव्हे. पण मोठ्या बेडकात ती शक्ती मेलेली नसते, निजलेली असते, एवढे मानायला जागा झाली.

माणसाच्या बाबतीत लहान मुलाच्या बोटाचे टोक परत येते, त्यापुढे अजून मजल नाही. स्पालानझानीने जाहीर केलेला ग्रंथ आता इतर लोक एकेक पान करून लिहीत आहेत.